पाठ फिरवल्यावर गेलेलं हेल्मेट

माझ्या डॉक्टर मित्राने मला फसवलं. लंडनमध्ये एजवेअरला त्याच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात जे हेल्मेट आहे, ते माझं आहे.

ते एका अमेरिकन रेसिंग ड्रायव्हरचं. पन्नासच्या दशकातला गडी. पहिली गाडी त्याने भंगारातून स्वतः जुळवली आणि जत्रेच्या मैदानांतल्या मातीच्या गोल ट्रॅकवर शर्यती जिंकल्या. तिथे सगळी वळणं डावीकडची. मग इंग्लंडला आला आणि इथल्या पावसात उजवी वळणं नव्याने शिकला. पहिल्या वर्षी लोक हसले, दुसऱ्या वर्षी त्यांना त्याची फक्त मागची चाकं दिसली. पुढे अपघातात मनगट निकामी झालं, तेव्हा गावी जाऊन ट्रॅक्टर दुरुस्त करू लागला. मीही शून्यातून, कॉव्हेंट्रीत व्हॅनमधून गाड्यांचे सायलेन्सर विकत उभा राहिलो, म्हणून तो मला आपला वाटायचा. डॉक्टरला ही सगळी कहाणी मीच सांगितली. तोवर त्याला शर्यत म्हणजे घोड्यांची, एवढंच ठाऊक होतं.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली असतील. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात आम्ही दोघे गेलो. त्या ड्रायव्हरच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने टेबलावर ते हेल्मेट मांडलं होतं. मला ते हवंच होतं, पण चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही.

“पॉलिश गेलंय,” मी म्हणालो.

“माझंही गेलंय,” म्हातारा म्हणाला. “किंमत तीच.”

मी मान हलवली आणि चालू लागलो. दोन-चार टेबलं ओलांडायची, मागे बघायचं नाही, हाक येतेच. जन्मभर धंदा असाच केला. या वेळी हाक आली ती डॉक्टरची. वळून बघतो तर पिशवी त्याच्या हातात.

“अरे, तू निघालास ना? मला वाटलं, तुला नको.”

“नको असतं तर घासाघीस कशाला केली असती?”

“मग घ्यायचं होतंस, शेठ.”

त्या वर्षी गणपतीला त्याच्याकडे गेलो. आरती झाल्यावर सगळे कपाटाभोवती जमलेले, आणि हा त्यांना डावी वळणं सांगतोय, माझ्याच शब्दांत. मागच्या चाकांपाशी हशा पिकला. मी सांगितल्यावर कधी कुणी असं हसलं नव्हतं. त्याची बायको मला म्हणाली, “भावजी, तुम्हीही ऐका हो. ह्यांना त्यातलं किती कळतं बघा.” हातातला मोदक मी ताटलीत परत ठेवला.

म्हणे, माझी चाल त्याला कळली नाही. त्या दिवाणखान्यातला गालिचा ईलिंगच्या दुकानातून मीच मिळवून दिला. तिथेही मी पाठ फिरवून चाललो होतो आणि हा दुकानदाराला सांगत होता, “तो एकदा गेला की परत येत नाही हं.” दुकानदार माझ्यामागे धावला, तेव्हा ह्याने मला डोळा मारला. त्या दिवशी कळलं, मग हेल्मेटच्या वेळी कसं कळलं नाही? ह्याचं उत्तर त्याने द्यावं. मला एकट्याला नको. ज्यांना ज्यांना त्याने माझी गोष्ट ऐकवली, त्या सगळ्यांसमोर द्यावं.