सरांनी घड्याळ काढलं नाही

कविता वाचायला घेण्याआधी कदम सर मनगटावरचं घड्याळ काढून लोडाखाली सारत. परभणीत त्यांच्या घरी दर रविवारी आम्हा चार-दोन नव्या कवींची बैठक भरे. तिथला नियम असा की, आपली कविता आपण वाचायची नाही, कागद दुसऱ्याच्या हाती द्यायचा. "आपलं लेकरू आपण मांडीवरून खाली ठिवत न्हाई," सर म्हणत.

आमच्या कविता म्हणजे पानभर विखुरलेले शब्द. घरचे म्हणत, शेंगदाणे सांडलेत. सर मात्र एक शब्द उच्चारत, मधली कोरी जागा डोळ्यांनी सावकाश ओलांडत आणि मगच पुढचा शब्द घेत. कुणी चुळबुळ केली तर विचारत, "घाई काय हाय? शब्द कुटं पळून जायलाय का?" त्या थांबण्यात मला माझ्याच कवितेत न दिसलेलं काही दिसे. पिंगळीहून गाडीनं मी यायची ती त्याच्यासाठीच.

आईला लकवा झाला तेव्हा सर पिंगळीला आले. तिला एकेक शब्दच जमे. "जवळ", मग बराच वेळ काही नाही, मग "ये". बाकीचे पाहुणे तिचं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळे होत. सरांनी घड्याळ खिशात टाकलं आणि तिचं "जेवला का" पुरं होईपर्यंत बसून राहिले. ती गेल्यावर तिचे शब्द, तेवढ्याच जागा सोडून, मी पानावर मांडले. पालमच्या कविसंमेलनासाठी ते पान सरांना दिलं. दुसऱ्या कुणाला दिलंच नसतं.

पालमला लोक कंटाळून उठू लागले होते. आधीच्या कवीला शिट्ट्या मिळाल्या होत्या. सर उभे राहिले. घड्याळ मनगटावरच होतं आणि त्यांनी त्याकडे पाहिलंही. मग "जवळ ये जेवलीस का, जवळ ये जेवलीस का" असं मोंढ्यात लिलाव पुकारावा तसं सुसाट सुरू केलं. मांडव हसला. ते हसणं त्यांना गोड लागलं असावं, कारण पुढच्या खेपेला वेग आणखी वाढला. उठलेले लोक परत बसले, टाळ्याही पडल्या. माझी आई चारचौघांत खुळी ठरली.

परतताना एसटीत मी म्हणाले, "सर, तुमी तिला ऐकलं होतं."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लोकं उठून जायलते. धरून ठिवले का न्हाई? कविता हाय ती, सुनंदा. तुजी आई न्हाई."

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या गंगाखेडच्या रस्त्यावर कळलं. थांबायला शिकवलं त्यांनीच, म्हणून जास्त लागलं.

आता सरांना गावोगावची आवतणं येतात. त्यांचं वाचन लोक मोबाइलवर फिरवतात. मी बैठकीला जाणं सोडलं.

परवा ते पान काढलं आणि एकटीच वाचायला बसले, हातातलं घड्याळ काढून. कोऱ्या जागा जिथल्या तिथं आहेत. पण डोळे तिथं थांबत नाहीत, ते सरांच्याच वेगानं पळतात. आई भराभर बोलते आणि मांडव हसतो.