लोणारच्या वाटेवर ऐकलेला दादाचा आवाज

लोणारचं सरोवर बघायचं असं दर दिवाळीत ठरायचं आणि दर वर्षी राहून जायचं. यंदा कुणाची वाट न बघता मी एकटीनंच पुण्याहून गाडी काढली. मुक्काम जानेफळला, मामीकडे. मामी अंथरुणाला खिळलेली, तिचीही भेट होईल असा विचार. आधीच सांगून टाकते, ज्यांना सरोवराचे सुंदर फोटो हवेत त्यांनी दुसरीकडे बघावं. माझं डोकं अजून ठिकाणावर नाही.

संभाजीनगरपर्यंत ट्रकांच्या मागे रडतखडत जावं लागतं, जालन्यापासून समृद्धी महामार्गावर गाडी पळते. टोल झोंबतो. खायचं-प्यायचं सोबत ठेवा, वाटेत फारसं काही नाही. सिंदखेडराजाला उतरून मी साखरखेर्ड्याच्या आतल्या रस्त्याला लागले. खड्डे आहेत, पण दोन्हीकडे तुरीची शेतं आणि वर स्वच्छ आभाळ. साखरखेर्ड्यात बाजार होता. आलुबोंडा मागवला, वर लालभडक तर्री, नाकातून पाणी आलं.

आणि तेवढ्यात भोंग्यावर सुरेशदादा बोलायला लागला.

सुरेशदादा म्हणजे मामीचा मुलगा. ऑटोवर भोंगा लावून गावोगाव पुकारा करणं हा त्याचा धंदा. बाजार, सेल, ग्रामसभा, हरवलेली म्हैस, कुणाची मयत, सगळं त्याच्याच तोंडून लोकांना कळायचं. मेहकर तालुक्यात त्याचा चेहरा न ओळखणारी माणसंसुद्धा त्याचा आवाज ओळखतात. मी आलुबोंडा टाकून ऑटोमागे पळाले. आत नुसता ड्रायव्हर.

"दादा कुठं आहे?"

"कोन दादा?"

"हा बोलतोय तो."

"थो?" ड्रायव्हर हसला. "थो तं पेन ड्राइव्हमंदी हाये, ताई!"

मलाही हसू आलं. पुढे हिवरा आश्रमवरून मेहकर आणि तिथून जानेफळ गाठेपर्यंत ते हसू टिकलं. दादा घरी खाटेवर बसून आईचे पाय दाबत होता. भर दुपारी, बाजाराच्या दिवशी. तेव्हा मात्र काहीतरी बिनसलंय हे कळलं.

"इठ्ठलनं मशीन आनली," तो म्हणाला. विठ्ठल म्हणजे ऑटोचा आणि भोंग्याचा मालक. "त्याच्या मोबाइलसमोर म्या अर्धा घंटा पेपर वाचला. म्हने, तू बिमार पडला तं कामी येईन. म्या काही बिमार पडलो नाही. तरी आवाज कामी येऊन राह्यला! थो नुसता लिहिते, अन् मशीन माह्या आवाजात बोलते."

"आणि तू गप्प बसलास?"

"काय बोलू? बोलाचं काम तं त्याच्याकडं गेलं." मग म्हणाला, "शुद्ध बोलते पन. मला, तुला. म्या जिंदगीत कधी 'मला' म्हनलो नाही."

एकच काम त्यानं हातचं सोडलं नव्हतं, मयतीचं. त्याची पद्धत अशी, की आधी त्या घरी जायचं, घडीभर बसायचं, नाव विचारायचं, मगच ऑटोत बसायचं. "कळवाले लय वाईट वाटून राह्यलं" अशी सुरुवात. ज्या घरात मयत झाली, त्या घरच्या माणसानं मात्र भोंग्यावर बोलायचं नाही, हा गावाचा दंडक. मामा गेले तेव्हा दादानं माइकला हात लावला नव्हता, मेहकरहून माणूस बोलावला होता. "एवढं एक माह्यापाशी राहू दे, असं इठ्ठलले सांगतलं," दादा म्हणाला. "थो हो म्हनला."

दुसऱ्या दिवशी लोणार पाहिलं. जानेफळहून मेहकरमार्गे सकाळी निघून दुपारी परत येता येतं. उतरताना पायात बूट हवेत, पाण्याजवळ उग्र वास येतो, देवळं बघायला निवांत वेळ ठेवा. एरवी मी पानंच्या पानं लिहिली असती. संध्याकाळी वहिनीनं बेसनाच्या पातोड्यांचा झणझणीत रस्सा केला. मामीनं दोन घास खाल्ले आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

पहाटे मामी गेली.

आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो होतो. दादानं आईचा हात हातात धरलेला. उजाडलं, आणि गल्लीच्या तोंडाशी भोंगा सुरू झाला.

"अत्यंत दुःखाने कळविण्यात येत आहे की, जानेफळ येथील सुरेशराव यांच्या मातोश्रींचे आज पहाटे निधन झाले आहे..."

आवाज दादाचा होता. ठणठणीत. ना गळा दाटलेला, ना कुठं अडखळलेला. दादानं मान वर केली आणि आईचा हात हळूच खाली ठेवला. ऑटो गल्लीगल्लीतून फिरत होता आणि दादा जणू स्वतःच्या आईची मयत स्वतःच्या तोंडून गावाला सांगत होता.

माणसं जमायला लागली. शेजारची म्हातारी दारातच थबकली. "काऊन रे, माय घरात पडेल हाये अन् तू भोंग्यावर? लाज नाही वाटली?"

"काकू, थो मी नव्हतो."

"माह्ये कान फुटले का? तुहाच आवाज होता."

येणाऱ्या प्रत्येकाला दादा तेच सांगत राहिला, थो मी नव्हतो. आणि ज्या आवाजात सांगत होता, तो आवाज बाहेर उलटंच सांगत फिरत होता. विठ्ठल हार घेऊन आला. मी त्याला अंगणातच गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तो खरंच गोंधळला.

"म्या तं इज्जत केली, ताई. परका आवाज लावला असता तं बरं दिसलं असतं का?" मग खालच्या आवाजात म्हणाला, "भाषा जरा पुस्तकी झाली, मान्य हाये. पुढच्या टायमाले आपली बोली बी मशीनमंदी टाकतो."

मला त्याला मारावंसं वाटलं. तो वाईट माणूस नाही, म्हणून तर जास्तच.

अंत्यविधी उरकून मी त्याच वाटेनं पुण्याला परतले. समृद्धी गुळगुळीत होती. घरी सगळे विचारतात, लोणार कसं आहे. सुंदर आहे, जाऊन या, थंडीत जा.

परवा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी सुरेश बोलून राह्यलो. मायच्या तेरवीले येजो."

अस्सल आपली बोली. विठ्ठल आता आमंत्रणाचे फोनही मशीनवरून लावतो, असं वहिनी म्हणाली होती. मी विचारलं, "मामी मला काय म्हणून हाक मारायची, सांग."

पलीकडे शांतता. मशीन अडकली, असं वाटून मी जरा जिंकल्यासारखी हसलेसुद्धा.

"तू बी?" दादा म्हणाला. तो अडखळत होता. "तुले बी मी खरा वाटून नाही राह्यलो?"

मी "दादा, दादा" करेपर्यंत फोन बंद झाला. नंतर त्या नंबरवर कितीदा लावला, कुणी उचलत नाही. तेरवीला मी जाणार आहे. त्याच्यासमोर बसल्यावर काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही.