ह्यांची खुर्ची

माझे वडील कुठले, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला कधी पडला नव्हता. तो पडला सरकारला. खरं तर दोन सरकारांना.

वडील नैरोबीला रेल्वेत कारकून होते. दर तीन वर्षांनी बोटीने यायचे, पाचेक महिने राहायचे आणि परत जायचे. तिथला त्यांचा परवाना नोकरीपुरता. नोकरी आहे तोवर राहा, सुटली की बोट पकडा. रजा संपायच्या आत हजर झालं नाही तर परवाना रद्द. बिऱ्हाड न्यायची मुभा त्यांच्या पायरीच्या माणसाला मिळत नव्हती, म्हणून आई आणि मी मुलुंडला दोन खोल्यांत राहायचो. जागा मामाने मिळवून दिली होती, त्यामुळे भाडेपावतीवर नाव मामाचं. पण घर आमचं होतं, आणि मामाही आला की दाराबाहेर चपला काढून "येऊ का?" असं विचारायचा.

खिडकीशी एक कापडी आरामखुर्ची असायची, वडिलांनी पहिल्या रजेत घेतलेली. ते नसताना तिच्यावर कुणी बसायचं नाही, हा आईचा कायदा. मी एकदा बसले तर पाठीत धपाटा मिळाला. मामालासुद्धा चटई. तिचं कापड आई दर आठवड्याला काढून धुवायची, जसं काही रोज कुणी बसून मळवतंय. दिवाळीच्या पाडव्याला बायका नवऱ्याला ओवाळतात. आई खुर्चीवर सुपारी ठेवून सुपारीला ओवाळायची. माणूस हजर नसेल तर त्याच्या जागी सुपारी चालते म्हणे. ओवाळणीचा रुपया ती आधीच सुपारीखाली ठेवायची आणि मग स्वतःच ताटात घालून घ्यायची. शेजारच्या मुली खिडकीतून बघायच्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी अकरा वर्षांची होते त्या रजेत वडील म्हणाले, "आता एकच खेप. मग कायमचा इथे." आईला फार आनंद झाला की ती नारळ फोडून खोबरं किसायला बसायची. त्या दिवशी वड्या झाल्या.

वड्या संपायच्या आत घाटकोपरचे वकीलकाका आले. वडिलांचे शाळासोबती, इन्कमटॅक्सची कामं करायचे. ते म्हणाले, "तुझे वर्षातले एकशे ब्याऐंशी दिवस इथे भरत नाहीत, ते ठीक आहे. पण कायद्यात एक मेख आहे रे. तुझ्यासाठी इथे घर राखून ठेवलेलं असेल, आणि त्या वर्षात तू इथे नुसता पाय जरी ठेवलास, तरी तू इथलाच रहिवासी. मग तिकडच्या पगारावरही इथे कर. मागच्या रजेचं वर्षसुद्धा उकरून काढतील."

"म्हणजे?"

"म्हणजे वाट लागली. शिल्लक त्यात जाईल आणि तुझी आणखी एक खेप वाढेल."

आई आतून पदराला हात पुसत बाहेर आली. काकांनी तिला समजावलं, "वहिनी, खोटं काही बोलायचं नाही. जागा तुमच्या भावाची, पावतीच तसं सांगते. तुम्ही भावाच्या आसऱ्याला आहात. हा येतो तो चार दिवस पाहुणा म्हणून. इन्स्पेक्टर चौकशीला येईल, त्याला एवढंच सांगा."

आईने पाठ केलं. पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "हे इथे पाहुणे असतात." दर वेळी 'पाहुणे'पाशी तिचं लाटणं थांबायचं. खुर्चीतून वडील विचारायचे, "पाहुण्याला चहा मिळेल का हो?" आई म्हणायची, "गप्प बसा." मला मात्र हसू येत नव्हतं. तिकडचा कागद सांगत होता की हा माणूस इथला नव्हे, आणि इकडच्या कागदावर आम्हीच तसं लिहून द्यायला निघालो होतो. पण तसं लिहिलं तरच ते लवकर घरी येणार होते, म्हणून मीही आईकडून ते वाक्य घोकून घेत होते.

इन्स्पेक्टर आले ते भर दुपारी. वडील बोटीच्या तिकिटासाठी फोर्टात गेले होते. स्टेशनपासून उन्हात चालत आलेला, टक्कल पडलेला, सभ्य माणूस. आईने चटई अंथरली, गूळपाणी दिलं.

"जागा कुणाची?"

"माझ्या भावाची."

"आणि यजमान?"

"पाहुणे असतात. रजेपुरते."

झकास जमलं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. त्यांनी लिहून घेतलं, वही मिटली आणि आणखी थोडं पाणी मागितलं. आई आत गेली. तेवढ्यात ते उठले, खिडकीत वारा होता म्हणून तिकडे सरकले आणि खुर्चीवर टेकणार, इतक्यात आई तांब्या घेऊन बाहेर आली.

"अहो, तिथे नको! ती ह्यांची खुर्ची आहे."

ते अर्धवट वाकलेले तसेच सरळ झाले. आईच्याही लक्षात आलं. तांब्यातलं पाणी तिच्या पायावर सांडलं.

"ते इथे नसतात तेव्हा कोण बसतं हिच्यावर?" त्यांनी हळूच विचारलं.

मामाचं नाव सांगता आलं असतं. मी दाराआडून मनातल्या मनात ओरडत होते, मामा म्हण, मामा म्हण. आई म्हणाली, "कुणी नाही." आणि मग तिला थांबता येईना. कापड धुण्याचं सांगितलं, पाडव्याचं सांगितलं, सुपारीचंसुद्धा. ते पुन्हा चटईवर बसले. आईने केलेला चहा त्यांनी निमूटपणे घेतला. निघताना म्हणाले, "बाई, मला हे लिहावं लागेल."

"लिहा," आई म्हणाली. "खरंच आहे ते."

संध्याकाळी वडिलांनी बूटही काढले नव्हते, तोच आई त्यांच्यासमोर रडायला लागली. "माझ्या तोंडाने घात केला हो. तुमची तीन वर्षं घालवली मी." वडिलांनी बूट काढून बाजूला ठेवले. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चहा टाक. पाहुण्याला नको, मला टाक."

मी मात्र आईशी आठवडाभर बोलले नाही. आज त्याची लाज वाटते.

वडील नैरोबीला परतल्यावर इन्कमटॅक्सचा, इंग्रजीत टाइप केलेला हुकूम टपालाने आला. वकीलकाकांनी वाचला आणि कपाळाला हात लावला. आईने तो पाकिटात घालून नैरोबीला धाडला. वडिलांनी एकाऐवजी दोन खेपा केल्या. मी मॅट्रिक झाले त्या वर्षी ते कायमचे आले. आईने तो दिवस काही सोडला नाही. पत्रात लिहायची, भांडणात म्हणायची, सणावारी आठवण काढायची: माझ्यामुळे झालं. वडील एवढंच म्हणायचे, "जाऊ दे गं."

पुढे बऱ्याच वर्षांनी वडील वारले. दिवस झाल्यावर आईने मला त्यांची बोटीवरची ट्रंक उघडायला सांगितलं. तळाशी दोन कागद होते. एक तिकडचा परवाना, कोरा करकरीत. दुसरा तो हुकूम. उघडून मिटून त्याच्या घड्या पार फाटल्या होत्या, आणि टपाल तिकिटांच्या कडेच्या डिंकाच्या पट्ट्या लावून त्या सांधल्या होत्या. पट्ट्या तिकडच्या तिकिटांच्या होत्या. मधल्या एका वाक्याखाली लाल पेन्सिलीची रेघ होती.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

मी मराठीत सांगितलं, "यांचं घर मुलुंडला आहे, आणि ते यांच्यासाठी राखून ठेवलेलं आहे."

"परत वाच."

मी परत वाचलं. आईने कागद माझ्या हातातून घेतला. तिला इंग्रजी येत नव्हतं, तरी ती कितीतरी वेळ त्या लाल रेघेकडे बघत राहिली. मग उठली, आणि माझ्या देखत पहिल्यांदाच त्या खुर्चीत जाऊन बसली.