पालखीआधी बंद केलेल्या गोळ्या

माझ्या मेहुण्याच्या थोरल्या भावाने आम्हाला फसवलं. आधी माझ्या बहिणीच्या लग्नाच्या बैठकीत, आणि मग देवीच्या नावाने.

बैठक आमच्याच पडवीत झाली. बापजाद्यांचं मिठागर सुटल्यावर मी एका जुन्या डंपरवर धंदा उभा केला. इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखणारा माणूस मी. थोरल्याला सरळ विचारलं, "मुलाला व्यसन, आजार, काही?"

तो हसला. "आमचा पोर गाय हाय, गाय. जरा देवभोळा, एवढंच."

पंचांसमोर दिलेला शब्द आमच्याकडे सहीपेक्षा मोठा. सुपारी फुटली.

लग्नानंतर बहिणीला कळलं की नवरा एकटाच भिंतीशी बोलतो, आणि डॉक्टरच्या गोळ्या लग्नाआधीपासून चालू आहेत. तिने आकांडतांडव केलं नाही. रोज स्वतःच्या हाताने गोळी देऊ लागली. तो कामावर जायचा, मला "दादा, दादा" करत गावभरच्या गोष्टी सांगायचा. माणूस बरा चालला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

थोरल्याला तो बरा नको होता. चैत्रात त्यांच्या गावदेवीची पालखी निघाली की धाकट्याच्या अंगात यायचं. लोक पाया पडायचे, प्रश्न विचारायचे. त्यामुळेच त्या घराला पालखीचा पहिला मान होता. गोळ्या सुरू असल्या की अंगात येत नसे. म्हणून पालखीआधी थोरल्याने त्या बंद करायला लावल्या. बहिणीला दम दिला, "देवीच्या आड येऊ नकोस."

तिने मला फोन केला. मी म्हटलं, आत्ता निघतो, त्याला बघतोच.

"नको रे दादूस, तू आलास की भांडण. पालखी झाली की परत सुरू करते मी."

पालखी उठली त्या दुपारी त्याला बायकोच्या जागी भलतंच कोणीतरी दिसलं. नारळ सोलायचा कोयता मागीलदारीच होता. निरोप आल्यावर मी पोचलो तेव्हा तिचा जीव गेला होता.

मेहुणा आता मनोरुग्णालयात आहे. त्याचा गळा धरायचा म्हणूनच मी गेलो होतो. तो समोर बसला आणि म्हणाला, "दादा, ती रागावली का? भेटायला येत नाय." शेजारच्या पेशंटची केळी होती, त्यातलं एक सोलून मी त्याच्या हातात दिलं. त्याला मी माफ केलंय. रोज नव्याने करावं लागतं, पण करतो.

यंदा थोरला गावकीची माणसं घेऊन दारात आला. मानाच्या घरातल्या सुनेच्या माहेरून देवीची ओटी जाते. आमची बंद झाल्यापासून गावात कुजबुज आहे.

"शेठ, देवीचा कोप झाला, आपल्या हातात काय होतं? ओटी पाठवा, सोयरीक राखा."

आईने आतून सांगितलं, "दे रे. मनात धरून ती परत येनार हाय का?"

मी म्हणालो, "देतो. आधी देवळासमोर उभा राहून सांग, गोळ्या कोणी बंद केल्या."

"मेलेल्या बहिणीवर सौदा करतोस?"

मी त्याला हाताला धरून पायरीखाली उतरवलं. आई तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही.

थोरल्याला माझं एवढंच सांगणं: देवीला आणि त्या आजारी पोराला मधे घेऊ नकोस. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या तू कोणाला विचारून बंद केल्यास? गावासमोर उत्तर दे.