पहिल्या पानावर नसलेलं नाव

वनिता गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं लावत होते. तिच्या नवऱ्याला एवढंच बोलता आलं, "ताई, वनिता गेली..." आजार कळून चार महिनेही झाले नव्हते.

समुद्रपूरची ही मुलगी आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे दरवर्षी नवी मुलाखत, नवी धाकधूक. तास संपला की माझ्याकडे येऊन बसे. ओल्या कचऱ्यावर आशियातल्या देशांत कुठलं संशोधन चाललंय, हे ती दोन वर्षं वाचत होती. जपान, व्हिएतनाम, बांगलादेश, आपण... प्रिंट मी काढून द्यायचे. एकदा म्हणाली, "ताई, खत किती दिवसांत होते, गॅस किती निघते, सगळ्यायनं मोजलं. कचरा निवडणाऱ्या बाईले मात्र कोणी विचारलंच नाई." मग तीच रोज सकाळी बोरगाव मेघेत घंटागाडीमागे फिरली आणि त्या बायकांचं म्हणणं लिहून घेतलं.

त्यावर तिने लिहिलेला लेख परदेशी नियतकालिकात छापून आला. नाव एकच, विभागप्रमुखांचं. शेवटी बारीक अक्षरांत वनिताचे आभार, त्यातही आडनाव चुकलेलं.

"काऊन बोलत नाई तू?" मी चिडून विचारलं.

"बोलली तर पुढच्या वर्षी घेतीन का मले?" ती म्हणाली. "तुमी बोलता का ताई? पहिल्यापासूनचे कागद तुमीच पाह्यले ना."

माझी नोकरी कायमची होती. तरीही मी बोलले नाही. आणि पुढच्या वर्षी तिला घेतलं नाहीच.

कॉलेजातल्या शोकसभेत विभागप्रमुख सर तिला 'होतकरू मदतनीस' म्हणाले. मग चहा झाला. हार, उरलेले समोसे, कागदी कप, सगळं एकाच काळ्या पिशवीत कोंबलं गेलं. मी पाहत राहिले...

परवा तिच्या घरी गेले. तिच्या सासूबाईंनी चहा गाळला आणि चोथा तिने मागच्या दाराशी ठेवलेल्या खताच्या माठात नेऊन टाकला. "याच्यावरून लय भांडली मी तिच्याशी," त्या म्हणाल्या. "आता हात आपोआप तिकडंच जाते." कप माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "तिचं लिवलेलं बाहेरच्या देशात छापून आलं, म्हणे ती. तुमच्या लायब्ररीत असंन ना? मले एक डाव तिचं नाव दाखवजा, बाई."

मी "हो" म्हणाले.