खुरांवरची अक्षरं

दुपारचे दोन वाजलेत आणि मी झोपणार नाहीये, नुसती आडवी पडलेय. आत आई झोपलीय, उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून. कालच मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी सांगितलंय, आज चार वाजता पट्टी घरीच काढा आणि थेंब सुरू करा. डावा डोळा काचबिंदूनं केव्हाच गेला, म्हणजे आईच्या जिवाला आता हा एकच. तीन वर्षं तिनं अक्षर वाचलेलं नाही. काल रिक्षातून येताना मात्र माझा हात धरून म्हणाली, "रेवा, पट्टी निघाली की पहिल्यांदा उल्काचं अक्षर वाचणार बघ मी. मग पेपर, मग पोथी."

उल्का माझी धाकटी बहीण. दहा वर्षांची असताना मेंदूज्वरानं गेली, त्याला अडतीस वर्षं झाली. तिच्या वह्या पुरात गेल्या. तिचं अक्षर जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, तिच्या खेळण्यातल्या जांभळ्या घोडीच्या चार खुरांखाली. आणि ते मी पुसून टाकलंय.

सांगते. मला अशा जुन्या घोड्या जमवायचा नाद आहे. मऊ प्लॅस्टिकच्या, वीतभर उंचीच्या, विंचरता येतील अशा लांब केसांच्या. कुणाच्या मामानं, कुणाच्या काकानं आखातातून आणलेल्या, आणि पोरी मोठ्या झाल्यावर माळ्यावर गेलेल्या. बावन्न वर्षांच्या बाईनं काय हे, असं तोंडावर कुणी म्हणत नाही. पाठीमागं आमच्या हॉलला 'रेवाताईंचा तबेला' म्हणतात ते मला चांगलं माहितीय. म्हणेनात. एकशे त्रेचाळीस आहेत, काचेच्या कपाटात, ओळीनं.

घोडी आली की आधी डोकं मानेपासून काढून ठेवायचं. शेपटीच्या मुळाशी आतून लोखंडी चकती असते, ती गंजलेली असते, ती बदलायची. केस शाम्पूनं धुवायचे, स्ट्रॉवर गुंडाळून वरून कढत पाणी ओतायचं, म्हणजे वळण बसतं. राहिले शाईचे डाग. त्यांच्यावर मुरुमांचं मलम लावायचं, वर पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि आठ दिवस गच्चीत उन्हात ठेवायचं. खुरांखाली तर शाई हमखास, मुली तिथंच नावं लिहायच्या. पिंकी. शीतल. कु. मनीषा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, काचपट्टीवर टाचणीच्या टोकाएवढा डाग राहिला तरी मला खपत नाही. वीस वर्षांत किती पोरींची नावं पुसली असतील देव जाणे.

आईनं उल्काची घोडी कधी कुणाच्या हातात दिली नाही. "तिनं खुरांवर नाव घातलंय," एवढंच सांगायची आणि कपाटाला कुलूप लावायची. तीन आठवड्यांपूर्वी स्वतःहून काढून दिली. "जरा स्वच्छ कर गं, डांबरगोळ्यांचा वास येतोय." मी ती आणखी चार घोड्यांबरोबर ओळीत मांडली. चष्मा डोक्यावर होता, हात सवयीनं चालत होता, पाच घोड्यांच्या वीस खुरांना मलम लागलं. फोटो मी प्रत्येकीचे काढते, डावीकडून एक, उजवीकडून एक. खुरांचे कोण काढतं?

आता ती घोडी माझ्या उशाशी आहे आणि शेजारी निळं बॉलपेन. सकाळपासून रद्दी कागदावर दहा वर्षांच्या पोरीचं अक्षर गिरवतेय. जमेल, न जमायला काय झालं? म्हातारीला काय कळतंय एका डोळ्यानं. वरच्या मजल्यावर कुणीतरी शिलाई मशीन चालवतंय, थांबतंय, चालवतंय. पंख्याची पाती मला एकेक मोजता येतात, म्हणजे पंखा थांबलाय, पण वारा येतोच आहे.

"सरक की," कुणीतरी म्हणतं.

मी सरकते. उल्का खाटेच्या कडेला बसते. शाळेचा निळा फ्रॉक, एक मोजा घोट्यापर्यंत घसरलेला. तिच्या बसण्यानं गादी जराही दबत नाही. मला रडू यायला हवं, पण माझ्या तोंडातून येतं, "पाय पुसलेस का?"

"किती म्हातारी झालीस गं ताई," ती म्हणते. "केस बघ, नुसते केरसुणीगत झालेत. धुतेस तरी का?"

"आगाऊपणा करू नकोस."

"एवढ्या घोड्या कुणाच्या?"

"माझ्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मग माझ्या एकीवर कशाला डोळा?"

मी उठून कपाटाची काच सरकवते, तिला दाखवायला, की बघ, कशी निगा राखते मी. आत कपाट नाहीये. आत आमच्या शाळेचा व्हरांडा आहे. भिंतीला टेकून मुली बसल्यात, पाय लांब करून, तळवे आमच्याकडे. तळवे पांढरेफटक आहेत, एक रेघ नाही त्यांवर. टेबलाशी बाई हजेरी घेतायत, पण तोंड उघडतात आणि आवाज येत नाही. कुणीच हजर म्हणत नाही.

"या कोण गं?" मी विचारते.

"मला काय विचारतेस? नावं तू पुसलीस."

दोन शेंड्या घातलेली एक मुलगी बोट वर करते. "बाई, माझं नाव काय हो?" ती मला विचारतेय, टेबलाशी बसलेल्या बाईंना नाही.

"पिंकी," मी म्हणते. ती मान हलवते, नाही. "शीतल?" नाही. "मनीषा?" ती बोट खालीच घेत नाही. आणखी बोटं वर जायला लागतात. मला चौथं नाव आठवत नाही. वीस वर्षं वाचली आणि पुसली, तीन तेवढी डोक्यात राहिलीत. लाज वाटते मला, खरोखर लाज वाटते.

उल्का माझा पदर ओढते. मी सलवार कमीज घातलाय, तरी पदर आहे. "चल गं, इथं नको उगाच थांबू."

व्हरांड्याच्या टोकाला दवाखाना आहे. हिरवे पडदे, नऊ नंबरची खाट, लोखंडी दांडीवर सलाइनची काचेची बाटली. उल्का खाटेवर चढते आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेते. उशीखालून घोडीची शेपटी बाहेर लोंबतेय.

"बस," ती म्हणते. "स्टुलावर. त्या दिवशी पण तिथंच बसली होतीस."

मी बसते. गुडघे चौदा वर्षांचे होतात, हात बावन्नचेच राहतात. हातात बॉलपेन आहे. "उल्का, एक काम कर गं माझं. परत लिहून दे. चार वाजता आई बघणार आहे, आता घोडामैदान जवळच आहे बघ."

"काय लिहू?"

"होतं तेच."

"काय होतं?"

"मला काय माहीत? माझा चष्मा डोक्यावर होता."

ती माझ्याकडे बघत राहते. लहानपणी खोटं बोललं की अशीच बघायची, काही न बोलता, आणि मग मलाच धडाधडा बोलायला लागायचं. पडदे उडून जातात. ऊन येतं, भसकन, आणि आम्ही गच्चीत आहोत. खाट, सलाइन, उल्का, सगळं उन्हात. तिच्या फ्रॉकचा निळा रंग उतरायला लागलाय. मग गालांचा.

"ताई, डाग म्हणून पुसलंस का वाचून पुसलंस?"

"आत चल, सावलीत चल आधी."

"सांग की. मी पांढरी पडायलेय."

"वाचून," मी म्हणते.

तुम्हालाही मघाशी खोटंच सांगितलं. चष्मा डोक्यावर होता, पण मी तो नाकावर ओढला. घोडी खिडकीशी नेली. एकेक खूर वाचला. 'ही.' 'उल्काची.' 'ताईला.' 'देऊ नये.' परत पहिल्यापासून वाचलं. मग आत जाऊन मलमाची ट्यूब आणली.

"आणि मी तसं का लिहिलं?" उल्का विचारते. तिच्या भुवया दिसेनाशा झाल्यात.

"आपल्याला काकानं दोन आणल्या होत्या. माझी गुलाबी, तुझी जांभळी. मी माझ्या घोडीचे केस कापले आणि ती बोडकी झाली. मग मला तुझी हवी झाली."

"पुढं?"

"तू दिली नाहीस. इथं, या खाटेवर, तापात सुद्धा उशाखाली घेऊन झोपायचीस. मग मी म्हटलं…" आई तेव्हा नळावर पाणी भरायला गेली होती, कुणीही ऐकलं नाही, आजपर्यंत कुणाला माहीत नाही. "मी म्हटलं, नको देऊस जा. तू मेलीस की मलाच मिळणार आहे."

"असंच म्हणालीस."

"मला काय माहीत होतं गं खरंच मरशील म्हणून!" मी ओरडते. "चौथ्या दिवशी! लोक महिना महिना आजारी असतात. मला वाटलं, घरी आलीस की भांडू परत. उल्का, माफ कर मला."

ती विचार करते. खरंच करते, ओठ चावत. "माफबिफ करायला मला येत नाही," ती म्हणते. "मी दहाची आहे."

मी पेन पुढं करते. ती बोटं उघडून दाखवते, पेन त्यांतून निसटून खाली पडतं. "लिहिता पण येत नाही आता. तिकडं तोंड कर."

मी तोंड फिरवते. ती माझ्या डाव्या कानामागचे केस हातात घेते. गार बोटं. घोडीच्या शेपटीला घालायची तशी चौपेडी वेणी घालायला लागते, घट्ट, डोळ्यांत पाणी येईल इतकी घट्ट. ऊन पाठीवर तापतंय आणि तिची सावली पडत नाहीये.

"आईला काय सांगणार?"

"मीच लिहीन. तुझ्यासारखं अक्षर काढून."

"देऊ नये, असं लिहिणार? का 'नये' खोडणार?"

खोडणारच होते. सकाळपासून कागदावर 'ताईला द्यावी' गिरवत होते मी.

ती वेणी एकदा जोरात ओढते.

"रेवा," आई म्हणते. "अगं रेवा, चार वाजले की नाही?"

पंखा फिरतोय. वर शिलाई मशीन चालू आहे. पेन खाटेखाली गेलंय, घोडी उशाशी, तिचे खूर कोरे. मी हात धुते, दोनदा साबण लावून, आणि आत जाते. आई पलंगावर ताठ बसलीय, परीक्षेला बसल्यागत. मी चिकटपट्टी सोडवते. डोळा लाल आहे, पाणी येतंय. ती उघडझाप करते आणि इकडंतिकडं बघते.

"भिंत पिवळी आहे होय आपली? मला आपली पांढरीच वाटायची." मग हात पुढं करते. "आण तिला."

आणते. दुसरं काय करणार? आई खिडकीकडं वळून घोडी उलटी धरते. पहिला खूर. दुसरा. तिसरा. पदरानं पुसून परत बघते. चौथा. अंतर कमी करते, लांब धरते, मान तिरकी करते. खूप वेळ जातो. मग घोडी मांडीवर ठेवते आणि माझ्या हातावर थोपटते, मलाच समजावल्यासारखं.

"नाही गं. फुकट गेला डोळा. भिंत मोठी म्हणून दिसते, बारीक काही दिसत नाही. जाऊ दे. डॉक्टरांना काही बोलू नकोस, त्यांनी त्यांचं केलं."

इथं सगळं मिटलं असतं. मी नुसतं "हं" म्हटलं असतं की झालं. लिहायला नको, सांगायला नको. आई डोळ्याला दोष देत राहिली असती आणि मी तिला थेंब घालत राहिले असते. तोंडात "हं" आलेलंही असतं.

"डोळा चांगला आहे, आई," मी म्हणते. "तिथं काही नाहीच आहे. मी पुसलं. मलम लावून, उन्हात ठेवून. वाचलं आणि मग पुसलं." आणि मग राहिलेलंही सांगते, नऊ नंबरची खाट, तू नळावर गेली होतीस, मी काय म्हटलं ते. शब्दाला शब्द.

आईच्या एका डोळ्यातून पाणी येतंय, ते ऑपरेशनचं की कशाचं मला कळत नाही.

"म्हणून लिहिलं होय तिनं," ती शेवटी म्हणते. "अडतीस वर्षं मी त्या लेकराला आपमतलबी समजत आले. मरतानासुद्धा बहिणीला काही देववलं नाही, म्हणून. तुला वाईट वाटू नये म्हणून इतकी वर्षं कुलपात ठेवलं, आता या वयात काय वाटायचंय म्हणून काढून दिलं. तुला!"

मला वाटतं, आता मारेल. मारावं. ती माझ्याकडं बघतेय, नव्या डोळ्यानं, तीन वर्षांनी पहिल्यांदा. तिचा हात येतो तो गालावर नाही, डाव्या कानामागं जातो.

"हे काय?"

मी हात लावते. बोटभर लांबीची वेणी आहे, घट्ट. आई तिला उजेडात ओढून डोळ्याजवळ नेते. "एक, दोन, तीन, चार," ती पेड मोजते. "तुला तर तिपेडी सुद्धा धड येत नाही." तिचा आवाज अगदी बारीक होतो. "कधी आली होती?"

"आत्ता. दुपारी."

"मला नाही उठवलंस."

आईनं वेणीचं टोक मुठीत धरलंय आणि ती सोडत नाही. माझी मान वाकडी झालीय, केसांच्या मुळाशी दुखतंय. थेंबांची वेळ टळून जाते. आम्ही दोघी तशाच बसून राहतो.