न तपासलेल्या वह्या

"आदी तांबड्या पेनाला टोपण घाला," असं म्हणणारा इंग्रजीचा मास्तर तुम्ही पाहिलाय? सिरसाळ्याकडच्या आमच्या शाळेत एक होते. पोरांचे निबंध ते तपासायचेच नाहीत. चुकांसकट लॅपटॉपवर उतरवून घ्यायचे. मग एखादा शब्द शोधला, की तो आलेली सगळी वाक्यं एकाखाली एक दिसायची. आम्ही बाकीचे मास्तर त्यांची टर उडवायचो. मी जरा जास्तच.

एकदा त्यांनी मला 'होम' शोधून दाखवला. "बगा सर, पुस्तकात होमशेजारी स्वीट हाय. आपल्या पोरांच्या होमशेजारी लॉक." निम्मा वर्ग दिवाळीच्या सुमाराला घराला कुलूप लावून आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारा. त्या दिवसापासून मी टर उडवणं सोडलं. "पोरांना कुटलं इंग्रजी लागतंय ते हितून कळतंय. याच्यावरूनच धडे करायचे," ते म्हणाले.

त्या वर्षी त्यांच्या नोकरीला मान्यता द्यायची की नाही, हे ठरवायला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. ऊसतोडीची पोरं तेव्हा गेलेली. आदल्या दिवशी हेडमास्तरांनी वह्या उघडल्या. एका पानावर तांबडी रेघ नाही!

"ह्या वह्या दावल्या तर नोकरी गेली म्हना ह्यांची," हेडमास्तर म्हणाले.

इंग्रजीचे सर कागदपत्रांसाठी बीडला गेलेले. मी वर्गशिक्षक, आणि त्या माणसाचा मला लळा लागला होता, खोटं कशाला बोलू? मी फळ्यावर नमुना निबंध लिहिला. हजर पोरांकडून गेलेल्यांच्या नावानंही नव्या वह्या भरून घेतल्या, वर तांबड्या खुणा केल्या. जुन्या वह्या शाळेमागे पेटवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वह्या चाळल्या. सरांच्या कपाळावर घाम. "छान," म्हणत साहेबांनी सही केली. मी हसून सरांकडे पाहिलं. ते त्या वह्यांकडेच बघत होते.

साहेबांची गाडी गेल्यावर त्यांनी विचारलं, "जुन्या कुटं हायत?"

"जाळल्या. तुमच्यासाठीच, सर."

"त्या आजून उतरवल्या नव्हत्या बे!"

कायम मला सर म्हणणारा हा माणूस. ते एक पाऊल पुढं आले. आता मारतात की काय, असं वाटलं. पण त्यांनी आवाज खाली आणला. "बरं. मी जातो, पोरांकडून परत लिवून आणतो. कुटल्या कारखान्यावर गेलीत ती?"

मी हजेरीपट उघडला. गेलेल्या पोरांची हजेरी मीच रोज लावत होतो. ठिकाण कुणाचंच लिहिलेलं नव्हतं. खूप आठवून पाहिलं, एकाचंही सांगता येईना.

त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि गाडीला किक मारली.

महिन्याभरात टपालानं त्यांचा राजीनामा आला, त्यावर पत्ता नव्हता. मान्यतेचं पत्र त्यानंतर आलं. ते कुठे पाठवायचं, असं हेडमास्तरांनी मला विचारलं. मला तेही सांगता आलं नाही.